हवा काढायचा स्क्रू

डोंबिवली (पश्चिम)
ऑगस्ट १९९६

प्रिय सहदेव,

'प्रिय' लिहिताना माझा हात अडखळला नाही, याचं मलाच नवल वाटलं. आपलं ठरलेलं लग्न मोडल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. कोळीवाड्यात माहेरी येते तेव्हा धक्क्यावर तू दिसलास की पदर सावरते आणि दुसरीकडे बघते. तुझी गोदू मात्र भेटली की हसून विचारते, कांताताई, कधी आलात, राहणार का, आणि मी तिला नीट उत्तर देते. गोदूशी माझं भांडण नाही. भांडण तुझ्याशी आहे आणि ते साधंसुधं नाही. माझा नवरा विठ्ठल सकाळपाळीला गेलाय, मुलं शाळेत आहेत, चुलीवर म्हणजे गॅसवर भात शिजतोय, तेव्हा सावकाश लिहायला मला वेळ आहे. मधेमधे तुला वाटेल, ही बया मला ठाऊक असलेल्या गोष्टी मलाच का सांगतेय. सांगू दे मला. तू फक्त ऐक.

आधी तुझं अभिनंदन करते. नवी बोट घेतलीस, मोठं इंजिन बसवलंस, पुढच्या टोकाला, नाळेवर, लाल-पिवळा रंग काढून घेतलास, असं आई सांगत होती. यंदाही नारळी पौर्णिमेला पहिला नारळ तुझ्याच हातून खाडीत पडणार आहे म्हणे. तुझे पंढरीमामा थकले, त्यांचा मान आता जावयाकडे, म्हणजे तुझ्याकडे आला. चांगलं झालं हो. पण पंढरीमामांकडे तो मान कुठून आला होता? माझ्या बाबांकडून. नामा तांडेलाच्या हातून नारळ पडल्याशिवाय आपल्या धक्क्यावरून एक बोट सुटत नसे, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. बाबांकडून तो मान काढून घेतला गेला आणि का काढून घेतला, ते सगळा कोळीवाडा जाणतो. निदान आपण जाणतो असं सगळ्यांना वाटतं.

बाबा माघात गेले. खांदा द्यायला तू सगळ्यांच्या पुढे होतास. परत आल्यावर अंगणात पाण्याचा तांब्या हातात घेऊन तू माणसांना म्हणालास, "हात सोन्याचा व्हता म्हाताऱ्याचा, येकदाच चुकला." लोकांनी हळहळून माना डोलावल्या. मी दारात होते. मला राग आला नाही, कारण तेव्हा मलाही तेच खरं वाटत होतं. आज ते वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्या माणसाचं तू वाटोळं केलंस, त्याच्याच अंगणात उभं राहून तू त्याच्या पदरात चूक घातलीस, आणि तीसुद्धा त्याची राख सावडायच्या आधी.

तुझे वडील वारले तेव्हा तू शाळकरी होतास. सख्ख्या पंढरीमामांनी तुझ्या आईला सांगितलं होतं की आमच्या बोटीवर माणसं पुरेशी आहेत. तुझी आई तुला घेऊन आमच्या दारात आली आणि बाबांनी एक शब्द न विचारता तुला बोटीवर घेतलं. माझा भाऊ गोविंदा आणि तू एका ताटात जेवायचात. पुढे शिडाची बोट गेली, आपल्या धक्क्यावरचं पहिलं डिझेल इंजिन बाबांनी बसवलं, तेव्हा ते इंजिन कसं उघडायचं आणि कसं बंद करायचं हे त्यांनी आम्हा तिघांना शिकवलं. पोरीला कशाला, असं बायका आईला म्हणायच्या. बाबा म्हणायचे, जाळं शिवते ती पोर पाना पण धरील. मोठे झाल्यावर तुझी माझी सुपारी फुटली. मी किती खूश होते हे तुला माहीत आहे, ते लिहायची मला लाज नाही वाटत.

डिझेलच्या फिल्टरवर बाबांचा फार जीव होता. आपल्याकडे डिझेल यायचं ते पिंपातून, आणि पिंपात काय नसायचं? गंज, पाणी, माती, कधी मेलेलं झुरळ. "माणूस घाण पिला त ओकतो," बाबा सांगायचे, "इंजिन ओकत नाय, मरतं." म्हणून मधे तो फिल्टर. लोखंडी वाटीत बसवलेली घडीघडीच्या कागदाची गुंडाळी, डिझेल बाहेरून आत झिरपतं, घाण कागदावर राहते. कागद भरला की इंजिन धापा टाकायला लागतं, मग गुंडाळी बदलायची. धुऊन परत घालायची नाही. आपल्या धक्क्यावर अर्धे लोक ती रॉकेलमध्ये धुवायचे, आणि काही अर्धशहाणे तर याहून पुढे जायचे. कागद कोंडला की गोणी शिवायचं दाभण घेऊन त्याला भोकं पाडायचे. भोकं पडली की डिझेल धो धो जातं, इंजिन नव्यासारखं पळतं आणि बघणाऱ्याला वाटतं, काय हात आहे गड्याचा. पण सगळी घाणही त्याच भोकांतून पुढे जाते, पंपात आणि नॉझलमध्ये जाऊन बसते. दिवसभर चालेल, दोन खेपा चालेल, मग ऐन पाण्यात बंद पडेल. असं करताना एकदा मोरू खलाशाला बाबांनी पकडलं होतं, तेव्हा सगळ्यांदेखत त्याच्या हातातलं दाभण काढून घेऊन खाडीत फेकलं होतं. तू तिथेच होतास.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, नारळी पौर्णिमेच्या आधी आमचं इंजिन धापा टाकत होतं. बाबांनी तुला नि मला नवा फिल्टर आणायला कल्याणला पाठवलं. दोघं जा, पण सरळ घरी या, असं बजावून. स्टेशनजवळच्या दुकानात त्या शेटने आपल्यापुढे दोन डबे ठेवले होते. तुला रंगीत चित्राचा डबा आवडला होता. मी दोन्ही उघडायला लावले. बाबांनी सांगितलं होतं तसं गुंडाळीची टोकं बघितली, एकीची पुठ्ठ्याची होती आणि दुसरीची पत्र्याची. घड्या उजेडाकडे धरून बघितल्या, पत्र्याच्या टोकांची होती तिच्या घड्या सारख्या अंतरावर होत्या. रबरी रिंग अंगठ्याने दाबली तर परत वर आली, दुसरीची दबली ती दबलेलीच राहिली. मी पत्र्याची घेतली. आमच्या इंजिनात आधी होती ती पुठ्ठ्याची, हेही तुला तेव्हा मीच सांगितलं, आणि तू हसून म्हणालास की लग्न झाल्यावर बोट तूच चालव, मी घरी भाकऱ्या करतो. मग मला अबोलीची वेणी घेऊन दिलीस. घरी येईपर्यंत डबा माझ्या मांडीवर होता. घरी आल्यावर तो मी तुझ्या हातात दिला.

संध्याकाळी बाबा देवळात पूजेच्या तयारीत होते. त्यांनी तुला सांगितलं, सहदेवा, फिल्टर तू घाल, सकाळी हवा मी काढतो. ही त्यांची रीतच होती. वाटी कुणीही उघडू दे, शेवटी हवा ते स्वतः काढायचे. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो. वाटी उघडली की आत हवा शिरते, आणि हवा राहिली तर इंजिन चालत नाही. म्हणून तो स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून नितळ डिझेल यायला लागलं की स्क्रू घट्ट करायचा. सकाळी बाबांनी ते केलं. देवाचं नाव घेत केलं. बोट अशी सुरू झाली की विचारू नकोस, सगळे बघत राहिले. तुझ्या पाठीवर थाप मारून बाबा म्हणाले, पोरगा तयार झाला.

पुढचं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. बोटी खाडीतून खाली गेल्या, नारळ पडला, बाजा वाजला, आणि भरतीबरोबर सगळ्या परत यायला लागल्या. पौर्णिमेची भरती, पाण्याला नुसता जोर. आमची बोट सगळ्यांच्या पुढे होती. धक्का समोर आला, आम्ही बायका आरत्या घेऊन उभ्या होतो, आणि इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बाबा हातपंप मारत होते, दोरी टाका म्हणून ओरडत होते. पाण्याने बोट आमच्या समोरून उचलून नेली, सरळ कळव्याच्या पुलाकडे. गोविंदा बांबू घेऊन नाळेवर धावला, खांबाला रेटून बोट बाजूला काढू म्हणून. बांबू मोडला. त्याचा पाय बोट आणि खांब यांच्यामध्ये सापडला. तो आवाज मी धक्क्यावर ऐकला, कुणी काही म्हणो, मी ऐकला. तू त्या दिवशी आमच्या बोटीवर नव्हतास. मामांनी ऐनवेळी बोलावलं म्हणून तू पंढरीमामांच्या बोटीवर होतास. ते कुणाला खटकलं नाही, मलाही नाही. उलट तू वाचलास म्हणून मी देवापुढे दिवा लावला.

बोट फुटली. ओहोटीला इंजिन चिखलातून ओढून काढलं आणि आमच्या परसात आणून ठेवलं. गोविंदा अजून इस्पितळात होता तेव्हाच देवळासमोर बैठक बसली. तू उठून उभा राहिलास. म्हणालास, नवा फिल्टर मी माझ्या हाताने घातला, पण सकाळी हवा नामाकाकांनी काढली, स्क्रू ढिला राहिला असणार, हवा शिरली असणार. मग पंचांनी बाबांना विचारलं, नामा, स्क्रू घट केलतास का? बाबा गोविंदाच्या उशाशी जागून आलेले, डोळे सुजलेले. ते म्हणाले, "मना वाटतं, घट केलता." दुसरा कुणी असता तर छाती ठोकून म्हणाला असता, केला म्हणजे केला. बाबांना खोटं म्हणून बोलता येत नव्हतं. त्यांना जेवढं आठवत होतं तेवढंच ते बोलले. पंढरीमामा लगेच म्हणाले की ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याच्या हातून नारळ कसा टाकायचा. इंजिन उघडून बघू, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मामाच म्हणाले, चिखल प्यायलेल्या इंजिनात काय बघायचं? सगळ्यांना पटलं. आणि तू मान खाली घालून उभा होतास, जसं काही बाबांची चूक सांगताना तुझंच काळीज फाटत होतं.

त्यानंतर बाबा बोटीवर चढले नाहीत. दुसऱ्यांची जाळी शिवत धक्क्यावर बसायचे. ते इंजिन परसात ताडपत्रीखाली पडलेलं असायचं आणि बाबा त्या बाजूच्या न्हाणीत जातानासुद्धा तिकडे बघायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, बाबा, उघडून तरी बघूया, एकदाचं कळेल. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांना भीती वाटत होती, सहदेव. स्क्रू ढिला निघाला तर गोविंदाचा पाय आपण आपल्या हाताने तोडला हे पक्कं होईल, याची. म्हणून ते न बघता जगले. जेवताना मधेच थांबायचे, अंगठा आणि बोट जुळवून हवेत पिळायचे, जसा काही तो स्क्रू अजून हातात आहे. गोविंदा कुबडी घेऊन समोरून गेला की घास ताटात ठेवून उठायचे. तुझ्याकडे मात्र त्यांनी कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. तू लग्न मोडलंस, अशा घरात सोयरीक नको असं मामांच्या तोंडून कळवलंस आणि वर्षाच्या आत मामांच्या गोदूशी लग्न केलंस, तेव्हाही बाबा म्हणाले, त्याचं काय चुकलं? मरताना ते गोविंदाचा पाय हातात धरून गेले. त्याची माफी मागत गेले.

उन्हाळ्यात आईने मला बोलावलं. परस साफ करायचा होता, इंजिन भंगारवाल्याला द्यायचं होतं. भंगारवाला वजनकाटा घेऊन दारात उभा राहिला आणि माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, आज नाही, पुढच्या आठवड्यात ये. बाबा नव्हते, आता खरं कळून कुणाचं मन मोडणार नव्हतं. विठ्ठल सुट्टी काढून आला. आम्ही सगळ्या नटांवर रॉकेल ओतून ठेवलं, आणि मग त्याने धरलं आणि मी पाना मारला. आधी स्क्रू बघितला. तो घट्ट होता. पेचकसाला हलेना, माझ्या हाताला हलेना, शेवटी विठ्ठलने वर ठोका दिला तेव्हा सुटला. गंजाने चिकटला असेल, असं तू म्हणशील. म्हण. पण खालची तांब्याची चकती पार चपटी होऊन बसली होती, ती गंजाने चपटी होत नाही, पिळून होते. आणि वाटी उघडली तर आत खाडीच्या पाण्याचा थेंब नव्हता. सगळं इंजिन चिखलात बुडालं होतं, पण त्या वाटीत अजून डिझेल होतं, काळं आणि दाट. स्क्रू ढिला असता तर खाडी आत आली असती. बाबांनी तो घट्ट केला होता. करकचून केला होता.

मी परसातच बसले आणि रडले. विठ्ठल म्हणाला, अगं, गुंडाळी तरी काढ. काढली. टोकं पुठ्ठ्याची होती. मी कल्याणहून पत्र्याची आणली होती आणि इंजिनात होती पुठ्ठ्याची, जुनी, गाळाने भरलेली. आणि तिला भोकं होती. उंदराने कुरतडलेली नव्हेत, दाभणाची. घडी सोडून घडी, एका रांगेत, सारख्या अंतरावर. जाळं शिवताना तुझे टाके असे एकसारखे पडायचे की बायका कौतुक करायच्या. ती भोकं बघून मला दुसऱ्या कुणाचं नाव सुचलंच नाही.

नवा फिल्टर कुठे गेला, ते मोरूने सांगितलं. तो तेव्हा पंढरीमामांच्या बोटीवर खलाशी होता. मी भोकांची गुंडाळी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा म्हातारा आधी उठून जायला लागला, मग परत बसला. मामांच्या बोटीचं इंजिनही आमच्यासारखंच, तेही त्या दिवसांत धापा टाकत होतं. मामा तुला म्हणाले होते, ऐन सणाला माझी बोट अडली तर गोदूचा विषय माझ्यापुढे काढू नको. म्हणजे माझी सुपारी फुटलेली असताना तुझं तिकडे चाललं होतं, हेही मला मोरूकडून कळलं. संध्याकाळी तू नवा फिल्टर मामांच्या इंजिनात घातलास आणि आमच्या जुन्याला दाभण. उद्याचा दिवस निघेल, मग कल्याणहून दुसरा आणून गुपचूप घालू, असा तुझा हिशेब असणार. तू गोविंदाला मारायला निघाला नव्हतास, एवढं मी मानते. पण बैठकीत उभा राहून तू जे बोललास ते तर पूर्ण शुद्धीवर बोललास ना? मोरूने तेव्हाच सांगायला हवं होतं. "पंढरी बोल्ला, तोंड उघडशील त बोटीवरना उतर," असं तो मला म्हणाला, आणि डोळे पुसत बसला. त्याच्यावर मी रागावू शकले नाही. माझा सगळा राग तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

आणि तो राग कसा असतो ते सांगते. महिन्यापूर्वी मी आले होते तेव्हा दुपारची तुझ्या बोटीवर गेले. ओहोटी होती, बोट चिखलात बसलेली, तुम्ही सगळे कुणाच्या तरी साखरपुड्याला टेंभी नाक्यावर गेला होतात. माझ्या पिशवीत दाभण होतं. मी ते घरून निघतानाच घेतलं होतं, उगाच सापडलं वगैरे नाही. मला तुझी बोट त्याच पुलाच्या त्याच खांबावर आपटलेली बघायची होती. तू हातपंप मारतोयस, ओरडतोयस आणि कुणी दोरी टाकत नाही, हे मी कितीतरी वेळा मनात बघून घेतलं होतं आणि प्रत्येक वेळी मला गार वाटलं होतं. इंजिनाचं झाकण उचललं, पाना वाटीच्या बोल्टला लावला. तेवढ्यात हाताला ओलं लागलं. डिझेल गळत होतं. बघते तर तुझा हवा काढायचा स्क्रू ढिला. अर्धा आटा सहज फिरत होता. ज्या चुकीचं खापर तू माझ्या बाबांवर फोडलंस, ती चूक तू तुझ्या नव्या कोऱ्या इंजिनात स्वतः करून ठेवली होतीस.

मी हसले. खरंच, त्या रिकाम्या बोटीत एकटी मोठमोठ्याने हसले. काही करायलाच नको होतं, फक्त झाकण लावून उतरायचं होतं. पण तुझ्या बोटीवर तू एकटा नसतोस. मोरूचा मुलगा असतो, आणखी दोन घरची पोरं असतात, आणि त्यांच्या आया आरत्या घेऊन धक्क्यावर उभ्या राहणार. मी पाना फिरवला आणि तुझा स्क्रू घट्ट केला. बाबा करायचे तसा. मग दाभण पिशवीत टाकून घरी आले आणि आईबरोबर बोंबील साफ करत बसले. तुझ्यावर दया आली म्हणून नाही केलं. तुझा सूड मला तुझ्या इंजिनावर घ्यायचा नाही, तुझ्यावर घ्यायचा आहे, हे त्या दिवशी माझं मला कळलं.

तेव्हा आता ऐक. हे पत्र तुझ्या हातात नाही. ते गोविंदाच्या हातात आहे. सासरी असलेल्या ज्या लेकींना नारळी पौर्णिमेला येता येत नाही, त्यांची पत्रं बोटी सुटायच्या आधी देवळासमोर वाचून दाखवायची, ही आपल्या कोळीवाड्याची जुनी पद्धत, आणि लेकीचं पत्र संपेपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही, हीसुद्धा. म्हणून यंदा मी मुद्दाम आले नाही. मी स्वतः उभी राहिले असते तर पंढरीमामांनी मला दुसऱ्या वाक्याला गप्प केलं असतं. पत्राला कुणी गप्प करू शकत नाही. सगळी घरं समोर बसली असतील, गोदू असेल, मामा असतील आणि नारळ घेऊन तू मधोमध उभा असशील. आईच्या मांडीवर रुमालात ती गुंडाळी आणि तो स्क्रू आहे, ते हातोहात फिरू द्या, भोकं मोजू नका, नुसती बघा. मोरू मागे बसला असेल, त्याला विचारा. तुझा पैसा, तुझी बोट, तुझा मान, मला काही नको, ते काय करायचं ते पंच बघतील. मला एकच वाक्य हवंय आणि तेही मला नको, या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की नामा तांडेलाचा हात चुकला नव्हता. तू ते बोलत नाहीस तोवर गोविंदा खाली बसणार नाही, तसं त्याचं माझं ठरलंय. त्याला फार वेळ उभं राहवत नाही, हे तुला माहीत आहे.

एकेकाळी तुझीच, आणि आता फक्त नामा तांडेलाची,
कांता